दाढीचा पहिला ब्रश कोणता घ्यावा? सिंथेटिक, बोअर की बॅजर

अर्धवर्तुळ

डब्यातला फोम सोडून ब्रश आणि साबणाकडे वळायचे ठरवले, की पात्यापेक्षा आणि रेझरपेक्षा जास्त गोंधळ ब्रशवरून होतो. पाते काही रुपयांचे असते, जमले नाही तर दुसरे लावून पाहता येते. ब्रश मात्र एकदा घेतला की कित्येक वर्षे न्हाणीघरात मुक्काम ठोकतो, आणि दुकानदाराला विचारावे तर ‘हा भारी आहे, घेऊन जा’ यापलीकडे तो काही सांगत नाही. माझ्याकडे सध्या तीन ब्रश आहेत: एक सिंथेटिक, एक बोअर म्हणजे डुकराच्या केसांचा, आणि एक बॅजर या बिळात राहणाऱ्या लहान रानटी प्राण्याच्या केसांचा. तिन्ही मी आलटूनपालटून वापरतो. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना लगेच सुरुवात करता येईल: पहिला ब्रश सिंथेटिक घ्यावा, मध्यम आकाराचा आणि मऊ टोकांचा घ्यावा, आणि बाकीच्या दोघांचा विचार फेस जमू लागल्यावर करावा.

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोनतीन मिनिटे ओला राहिला की तो पाणी शोषतो, फुगतो आणि पात्याला सोपा जातो. फेस म्हणजे हे पाणी चेहऱ्यावर धरून ठेवणारा आणि पात्याला घसरू देणारा थर. त्यामुळे ब्रशची निवड करताना तो दिसायला कसा आहे यापेक्षा तो पाण्याचे काय करतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे, आणि तिन्ही ब्रशांमधला खरा फरक नेमका इथेच आहे.

बोअरचा केस रांठ असतो आणि तो पाणी स्वतःच्या आत शोषून घेतो. म्हणून दाढीपूर्वी पाचसात मिनिटे तो कोमट पाण्यात उभा ठेवावा लागतो. घाईघाईत कमी भिजवला, तर तो फेसातलेच पाणी पिऊन टाकतो, दोन मिनिटांत गालावरचा फेस कोरडा पडतो, आणि नवशिक्याला वाटते की साबणच टाकाऊ आहे. शिवाय नवा बोअर टोचतो. पंधरावीस दाढ्या झाल्यावर केसांची टोके दुभंगू लागतात, तेव्हा कुठे तो मऊ होतो. म्हणजे ज्या महिन्यात माणूस स्वतः शिकत असतो, त्याच महिन्यात त्याचा ब्रशही रोज थोडा थोडा बदलत असतो. आज फेस चांगला आला तो आपल्या हातामुळे, ब्रशमुळे की पाण्यामुळे, हे कळायला मार्गच राहत नाही.

बॅजर पाणी धरतो तो मुख्यतः केसांच्या दाट गर्दीत, आणि बराच वेळ धरतो. त्याची टोके मुळातच निमुळती असल्यामुळे पहिल्या दिवसापासून तो मऊ लागतो. पण तो महाग असतो, आणि त्याच्या प्रतवारीवर विसंबण्यात अर्थ नाही. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशी नावे चढत्या क्रमाने वापरली जातात खरी, पण त्यांच्यामागे सर्वमान्य असे मानक नाही. एका उत्पादकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’पेक्षा सरस निघू शकतो.

सिंथेटिक म्हणजे नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टर कुळातल्या बारीक धाग्यांचा ब्रश. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश ज्यांनी वापरले असतील त्यांचे तोंड इथेच वाकडे होईल, कारण ते खरोखरच भांडी घासायच्या घासणीचे चुलतभाऊ होते. आताच्या धाग्यांची टोके निमुळती केलेली असतात आणि स्पर्श बॅजरच्या जवळ जातो. धागा पाणी शोषत नाही, त्यामुळे भिजत ठेवण्याची गरज नाही. नळाखाली धरायचा, दोनदा झटकायचा, बदामाएवढे क्रीम घ्यायचे आणि लागेल तसे चार-चार थेंब पाणी घालत जायचे. पहिल्या दिवशी जसा वागतो तसाच तो शंभराव्या दिवशी वागतो, आणि शिकणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा गुण नाही.

दोषही आहेत. तो पाण्याची ऊब फार वेळ धरत नाही. त्याला स्प्रिंगसारखा जोर असतो, त्यामुळे वाटीत जोरात फिरवला की आरशावर शिंतोडे उडतात. थंडीत कोमट फेसाचे सुख हवे असेल, तर बॅजरच बरा, हे मी मान्य करतो.

जुना वस्तरा

आपले बाकीचे विवेचन मान्य आहे, परंतु बोअरवर आपण अन्याय केला आहे. इटलीतल्या न्हाव्यांच्या दुकानांत आजही बोअरच जास्त दिसतो, आणि बोलोन्या शहरातली ओमेगा ही १९३१ साली सुरू झालेली कंपनी प्रामुख्याने त्याच ब्रशांसाठी ओळखली जाते. रोज अनेक गिऱ्हाइके हाताळणारा कारागीर जे हत्यार निवडतो, ते नवशिक्याला झेपणार नाही, असे का मानावे?

आपण ज्याला दोष म्हणता तो माझ्या मते गुण आहे. कडक साबणाच्या वडीवरून साबण उचलण्यासाठी जो ताठपणा लागतो तो बोअरमध्ये असतो. मऊ सिंथेटिक कधीकधी वडीवरून नुसताच घसरत राहतो. दाट, राठ दाढी असलेल्या माणसाला त्या टोकांनी त्वचेवर जो हलका घासा मिळतो, त्याने केस उभे राहतात. आणि भिजत ठेवण्याचे म्हणाल, तर अंघोळीला जाण्यापूर्वी मगमध्ये ब्रश उभा करावा, अंघोळ आटोपून यावे, ब्रश तयार असतो. यात वेळ कुठे गेला?

मात्र एक सावधगिरी मी नवीन माणसाला नक्की सांगेन. ओमेगाचा १००४९ हा त्यांचा प्रसिद्ध ब्रश लांब केसांचा आहे, वाटीत फेस करणाऱ्याला तो आवडतो, पण थेट चेहऱ्यावर फेस करणाऱ्याच्या हातात तो लुळा पडल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर फेस करायचा असेल, तर पोर्तुगालच्या सेमोगच्या आखूड केसांच्या ब्रशांकडे पाहावे.

शमीपत्र

वडिलांसाठी ब्रश घ्यायचा आहे. ते गेली चाळीस वर्षे साबण-ब्रशनेच दाढी करतात, त्यामुळे त्यांना शिकवायचे काही नाही, पण आमच्याकडे डुकराच्या केसांची वस्तू चालणार नाही. त्यांचा सध्याचा ब्रश कशाचा आहे हेही आम्हाला ठाऊक नाही, आणि हा धागा वाचल्यापासून मी त्या ब्रशकडे संशयाने पाहू लागले आहे. बाजारातल्या खोक्यावर नुसतेच ‘नॅचरल ब्रिसल’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि बॅजर मिळवताना प्राण्याला मारतात का?

अर्धवर्तुळ

शमीपत्र, स्वस्त ब्रशच्या खोक्यावर ‘नॅचरल ब्रिसल’ असेल, तर ते डुकराचेच केस आहेत असे समजून चालावे. घरात जो ब्रश आहे त्याची परीक्षा सोपी आहे. गळलेला एक केस चिमट्यात धरून मेणबत्तीजवळ न्यावा. प्राण्याचा केस जळताना आपले केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. सिंथेटिक धागा वितळतो आणि त्याच्या टोकाला कडक मणी तयार होतो. प्राणी कोणता हे यावरून कळणार नाही, पण प्राणी आहे की नाही हे नक्की कळेल. परीक्षा वडिलांच्या देखत करावी की नाही, ते तुम्ही ठरवा.

बॅजरविषयी: होय, ते केस प्राणी मारूनच मिळतात. जगातल्या ब्रशांसाठी लागणारे बॅजरचे केस मुख्यतः चीनमधून येतात. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, तरी तिथल्या नामांकित कारखान्यांतले बॅजरचे ब्रश आयात केसांवर चालत आले आहेत. हे लक्षात आल्यापासून मी दुसरा बॅजर घेतलेला नाही. आहे तो फेकून देण्यातही शहाणपण नाही, म्हणून वापरतो आहे.

प्राण्याचा केस हवा पण प्राणी मारलेला नको, असे असेल तर घोड्याच्या केसांचा ब्रश हा एक मार्ग आहे, कारण आयाळ आणि शेपटी यांचे केस कापून घेता येतात. स्पेनची व्ही-लाँग कंपनी असे ब्रश बनवते. स्वभावाने तो बोअर आणि बॅजर यांच्या मधला असतो. पण तुमच्या वडिलांसाठी मी सरळ सिंथेटिकच सुचवीन. खोक्यावर ‘सिंथेटिक’ असे स्पष्ट छापलेले असते, प्रश्न मिटतो.

दर्यावर्दी

घोड्याच्या केसांचा विषय निघालाच आहे तर एक जुनी हकिगत सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा घोड्याच्या केसांना बॅजरसारखे रूप देऊन ब्रश बनवले गेले. त्यांतले काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि अशा ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना घडल्या. दाढी करताना झालेल्या बारीक जखमांतून जंतू आत जात. नंतर केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम आले. आजचा नवा ब्रश घेताना घाबरण्याचे कारण नाही, पण जुन्या बाजारात शंभर वर्षांपूर्वीचा सुंदर मुठीचा ब्रश मिळाला, तर मूठ ठेवावी आणि केस नवे बसवून घ्यावेत.

माझा दुसरा मुद्दा दमट हवेचा आहे. मी नोकरीनिमित्त जहाजावर असतो आणि उरलेला काळ रत्नागिरीत. पावसाळ्यात आमच्याकडे टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे बोअर कसा वाळणार? माझ्या बोअरच्या बुडाशी आषाढात काळे ठिपके धरले आणि कुबट वास येऊ लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. सिंथेटिक सकाळी झटकून ठेवला की दुपारपर्यंत कोरडा असतो. प्रवासात ओला ब्रश डबीत बंद करावा लागला तरी त्याला फारसे काही होत नाही. कोकणात राहणाऱ्या नवशिक्याने बाकी कोणतीही तुलना न वाचता सिंथेटिक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना वस्तरा

दर्यावर्दी, कोकणापुरते मी माघार घेतो. देशावर मात्र माझा बोअर सहा वर्षे टिकून आहे.

बोअरवेल

माझी अडचण वेगळी आहे. या आणि इतर ठिकाणचे सल्ले वाचून मी २४ मिलिमीटरचा सिंथेटिक ब्रश घेतला, क्रीमही चांगल्या नावाचे घेतले, आणि गेले तीन आठवडे रोज सकाळी प्रयत्न करतो आहे. फेस येतो, पण तो मोठ्या बुडबुड्यांचा, साबणाच्या पाण्यासारखा येतो आणि गालावर लावून पाते उचलेपर्यंत विरून जातो. वाटीच्या कडेला पांढरट, चिकट थर बसतो. पुण्यात राहणाऱ्या भावाकडे हाच ब्रश आणि हेच क्रीम घेऊन गेलो होतो, तिथे पहिल्याच प्रयत्नात दह्यासारखा घट्ट फेस आला. भाऊ म्हणतो, तुला जमत नाही. मला वाटते ब्रश सदोष आहे आणि परत करावा. आम्ही सोलापूरच्या बाहेर नव्या वसाहतीत राहतो.

अर्धवर्तुळ

ब्रश परत करू नका. तुमच्या नावातच उत्तर आहे. घरात विंधन विहिरीचे पाणी येते ना?

बोअरवेल

होय. टँकरचेही कधीकधी येते, तेही विहिरीचेच.

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

दाढीचा साबण किंवा क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम यांचे क्षार. हे पाण्यात विरघळतात आणि फेस धरतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. साबण त्यांच्या संपर्कात आला की कॅल्शियम स्टिअरेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, फेसही देत नाही. वाटीच्या कडेला बसलेला पांढरा चिकट थर म्हणजे तेच. म्हणजे तुम्ही घेतलेल्या क्रीमचा बराचसा भाग फेस करण्यापूर्वीच पाण्यातल्या कॅल्शियमशी लढताना खर्ची पडतो, आणि उरलेल्या थोड्या साबणाच्या मानाने पाणी फार होते. मोठे बुडबुडे आणि लगेच विरणे हे त्याचेच लक्षण आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. विंधन विहिरीचे पाणी पहिली मर्यादा ओलांडते, यात नवल नाही. भावाकडचे पाणी धरणातले असणार, म्हणून तिथे तोच ब्रश शहाण्यासारखा वागला.

खात्री करून घ्यायची असेल तर उद्या एकच बदल करा. ब्रश, क्रीम, वाटी सगळे तेच ठेवा आणि पाणी मात्र घरातल्या आर.ओ. यंत्राचे घ्या. एक पेलाभर पुरते. आधी ब्रशही त्याच पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर केसांत अडकलेले जड पाणी हिशेब बिघडवेल. फेस आला, तर ब्रश निर्दोष आहे.

अर्धवर्तुळ

प्रयोगवही यांच्या उत्तरात माझी एक भर. इथेच सिंथेटिकचा फायदा दिसतो, असे मला वाटते. बोअरवेल यांनी हाच उद्योग नव्या बोअरवर केला असता, तर ब्रश अजून मुरला नाही म्हणून महिनाभर वाट पाहिली असती आणि पाण्याकडे कोणाचे लक्षच गेले नसते. दाढीसाठी चांगले पाणी कमीत कमी लागेल, याही दृष्टीने तो सोयीचा आहे: भिजवायला मगभर पाणी लागत नाही, फेसाला तीनचार चमचे पुरतात.

आर.ओ.चे पाणी रोज वापरायचे नसेल, तर मगभर पाण्यात सायट्रिक आम्लाची, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाची, अगदी बारीक चिमूट घालून पाहा. ते कॅल्शियमला काही प्रमाणात बांधून ठेवते. चिमूट मोठी झाली, तर मात्र आम्लामुळे साबणच फाटतो, म्हणून हात आखडता ठेवावा. क्रीमही नेहमीच्या दीडपट घ्या.

शमीपत्र

मधेच विचारते, पण मिलिमीटरचे गणित मला अजून कळलेले नाही. एका ठिकाणी २१ लिहिले आहे, दुसरीकडे २६. मोठा ब्रश म्हणजे चांगला ब्रश असे आहे का?

अर्धवर्तुळ

नाही. तो आकडा केसांच्या झुबक्याचा, मुठीत जिथे तो बसवलेला असतो तिथला व्यास असतो. जर्मनीतल्या म्यूले कंपनीचे ब्रश १९, २१, २३ आणि २५ मिलिमीटर अशा मापांत मिळतात. १९ चा ब्रश लहान चेहऱ्याला आणि प्रवासाला ठीक, २५ चा फेस भरपूर देतो पण नाकाखाली आणि ओठांच्या कडेला अडचण करतो, आणि साबणही जास्त खातो. २१ ते २४ च्या दरम्यान राहिलात, तर फसणार नाही. व्यासाइतकीच केसांची उंचीही महत्त्वाची आहे: झुबका त्याच व्यासाचा पण केस आखूड, तर ब्रश ताठ लागतो, आणि केस लांब, तर तो सैल, लवचीक होतो. साधारण ५० मिलिमीटरच्या आसपासची उंची वाटीत आणि चेहऱ्यावर दोन्हीकडे चालते.

मुठीविषयी जास्त लिहीत नाही. वडिलांचा हात ओला आणि साबणाचा असणार, तेव्हा मधे कंबर असलेली मूठ घ्या, गुळगुळीत गोळा घेऊ नका. लाकडी मूठ दिसायला छान असते, पण रोजच्या ओलाव्यात तडकू शकते.

जुना वस्तरा

केस गळण्याचे कोणी बोलले नाही. नव्या ब्रशचे पहिल्या आठवड्यात आठदहा केस गळाले, तर ते सैल राहिलेले केस असतात. महिन्यानंतरही रोज दोनतीन केस गालावर सापडत असतील, तर गोंद नीट बसलेला नाही आणि तेव्हा मात्र ब्रश परत करावा. मी एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या स्वस्त ब्रशचा अख्खा झुबका तिसऱ्या महिन्यात मुठीतून उपटून हातात आला होता. दोष थोडा माझाही होता, कारण मी तो उकळत्या पाण्यात बुडवत असे. उकळते पाणी गोंदालाही सोसत नाही आणि प्राण्याच्या केसांनाही. हाताला सोसेल एवढेच ऊन पाणी घ्यावे, हे सिंथेटिकलाही लागू आहे. आणि फेस करताना ब्रश मुळापर्यंत दाबून रगडू नये, टोकांनी काम करू द्यावे. बहुतेक ब्रश मधोमध टक्कल पडून मरतात, ते याच रगडण्यामुळे.

बोअरवेल

आर.ओ.च्या पाण्याने आज दाढी केली. पहिल्या मिनिटभरातच भावाकडे आला होता तसा फेस आला, आणि हनुवटीखाली नेहमी होणारी आग झाली नाही. ब्रश परत करण्याचा विचार सोडला आहे. उद्या लिंबूसत्वाची चिमूट घालून नळाच्या पाण्याने पाहीन. आता एवढेच विचारायचे आहे की तीन आठवड्यांत ब्रशच्या मुळाशी जो पांढरा थर जमला आहे तो नुसत्या पाण्याने निघत नाही. काय करावे?

प्रयोगवही

तो कॅल्शियमचाच साबण आहे, पाण्याने निघणार नाही. पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि कोमट पाण्याचे पाचसहा भाग एकत्र करा, त्यात फक्त झुबका बुडेल अशा बेताने ब्रश दहा मिनिटे धरा किंवा टांगून ठेवा, मधूनमधून हलवा. मुठीचा सांधा बुडू देऊ नका. नंतर आर.ओ.च्या पाण्याने दोनतीनदा धुवा आणि थोडे क्रीम घेऊन फेस करून तो टाकून द्या, म्हणजे व्हिनेगरचा वास उरत नाही. तुमच्याकडच्या पाण्यात हे महिन्यातून एकदा करावे लागेल. दाढी झाल्यावर ब्रश शेवटी आर.ओ.च्या अर्ध्या पेल्यात खळबळून घेतलात, तर दोन महिन्यांतून एकदा पुरेल.